तृप्तीच्या बरणीतले जीव

तृप्ती आमची सून, माहेर टेंभुर्णीचं. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी एकच मागितलं : पोरीचं एमएस्सी पुरं होऊ द्या. आमचे हे हो म्हणाले, पण दोन वर्षांच्या वर एक दिवस न्हाई, हेही बजावलं. तेव्हापासून पोरगी आमच्या तीर्थपुरीहून रोज एसटीने जालन्याला जायची, आल्यावर भाकरी थापायची.

दिवाळीत कॉलेजला कुलूप, म्हणून सरांनी जुना सूक्ष्मदर्शक घरी दिला. बरणीत गवत भिजवून तिने बारीक जीव वाढवले होते. एकाच पेशीचे, चपलेच्या आकाराचे. मलाही दाखवायची. थेंबाच्या कडेला जरा मीठ सोडलं की मागं सरायचे, दुसरी वाट धरायचे. पण आधी रक्तदाबाच्या गोळीचं पाणी पाजलं, तर मिठात तसेच घुसायचे. "गोळीनं ब्रेकच लागंना त्यांचा, आत्याबाई," म्हणायची. किती मागं सरतात, त्याची शेवटची मोजणी राह्यली होती. दोन वर्षं भरत आली होती; सोमवारी शेवटची तोंडी परीक्षा, तिथं जिवंत दाखवायचे होते.

भाऊबीजेला ती माहेरी गेली. बरणीतलं पाणी आटलेलं दिसलं. जीवच आहेत, तहानेले राहू नयेत, म्हणून मी जांब समर्थहून आणलेलं तीर्थ ओतलं. आठ दिवस देवापुढं गडूत होतं. वरून हात जोडले.

आज रविवारी दुपारी आल्या आल्या तिने थेंब काचेवर घेतला. एक, दोन, सहा काचा झाल्या.

"आत्याबाई, ह्यात काय घातलं?"

"तीर्थ, बाई. देवाचंच."

"भांडं कशाचं व्हतं?"

"तांब्याचं."

तिने काच खाली ठेवली. "तांबं पाण्यात उतरतं. आपल्याला चालतं, ह्यांना न्हाई चालत. नवे वाढवायला आठवडा लागतो. उद्याची परीक्षा हुकली, तर पुढची सालानंच."

मी ह्यांच्यापुढं गेले. "चूक माझी हाय. एक साल वाढवून द्या तिला."

"पाण्यातल्या किड्यांसाठी साल? बोली दोन वर्षांची व्हती."

"मारले मी. तिला कशापायी शिक्षा?"

"मंग तूच जा उद्या परीक्षेला." हसले अन् चप्पल घालून निघून गेले.

तेवढ्यात तृप्तीनं हाक मारली. सातव्या काचेवर एक सापडला होता. मी डोळा लावला. जागीच गरगर फिरून राह्यला होता.

"मीठ सोडून बघ ना. फिरंल मागं."

"न्हाई आत्याबाई. त्याला आता काईच कळत न्हाई."

आम्ही आळीपाळीनं बघत बसलो. देवा, एवढ्या एकाला राख, म्हणत होते. तो थांबला तेव्हा भिंगाला डोळा माझा होता. तिची पाळी आली, तरी मी डोळा काढला न्हाई.