तीन वाढले

गुंडूमामांना कायम नोकरीचं पत्र २००३ साली मिळालं. खरं तर ते १९९७ लाच मिळायचं. मधली सहा वर्षं माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागेन, तेव्हा माझ्यावर फार विश्वास ठेवू नका.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते. नेसरीहून आलेली, नाकावर राग असलेली रुद्राणी. मामा आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते, नऊ वर्षं हंगामीच. वय चाळिशीच्या आतलं, पण कॉलेजातल्या सगळ्या परिचरांना मामाच म्हणायची पद्धत.

माझं काम असं होतं. धातूला मुलामा देताना वापरतात ते एक रसायन पाण्यात किती असलं, तर चार दिवसांत निम्मे मासे मरतात, तो आकडा काढायचा. एकदा आकडा हातात आला की कारखान्याला सांगता येतं, बाबा रे, याच्या वर नाही. सहा टाक्या, प्रत्येकीत रोहूची बोटभर पिल्लं दहा. पहिल्या टाकीत साधं पाणी, पुढच्या पाचांत रसायन चढत्या मापानं. दर चोवीस तासांनी मोजायचं. कल्ले हलत नसले आणि काचेच्या कांडीनं शेपटीला डिवचूनही मासा हलला नाही, तर तो मेला. मग तो बाहेर काढायचा आणि रजिस्टरात लिहायचं.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. मासे जगवायचे कसे ते मामांनी शिकवलं. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवल्याशिवाय ते टाकीत पडू देत नसत. पिल्लं आणली की पंधरा दिवस त्यांच्यावर नजर. एखादं कोपऱ्यात गप्प बसलं की म्हणायचे, "ह्येला घेऊ नगा बाई. ह्येचं मन लागंना झालंय." मी हसायचे, आणि तो मासा खरंच आजारी निघायचा. चाचणीच्या चार दिवसांत माशांना खायला घालायचं नसतं. त्या चार दिवसांत मामा स्वतःचा डबासुद्धा व्हरांड्यात जाऊन खायचे. माशांसमोर जेवायची लाज वाटते म्हणे.

त्या वर्षी त्यांनी एक नवीन खोड लावून घेतली होती. मोजणी करताना ते आकडा तोंडानं सांगेनात. मी "किती मेले?" विचारलं की नुसती बोटं वर करायची. मला वाटलं, माणूस आळसावला. चिडून एकदा म्हटलंसुद्धा, "मामा, तोंडाला कुलूप लावलंय का?" ते नुसते हसले.

डिसेंबरात शेवटची मोठी चाचणी लावली. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मला नेसरीला चुलतभावाच्या लग्नाला जावं लागलं. मोजणी आणि रजिस्टर मामांवर सोपवून गेले. ते पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिणार होते.

सोमवारी आले तर टाक्या धुऊन पालथ्या घातलेल्या आणि रजिस्टरात सुबक अक्षरात लिहिलेलं: "टाकी १: काही नाही. टाकी ४: ३ वाढले. टाकी ५: ४ वाढले."

चालू चाचणीत मामांनी टाकीत मासे वाढवले? शेजारच्या हौदात शिल्लक पिल्लं होतीच. माशांची एवढी माया असलेला माणूस, मेलेल्यांच्या जागी चोरून नवे सोडले असणार. चाचणी बाद, तीन महिने पाण्यात. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी तिथंच सरांच्या नावे तक्रार लिहिली आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. हंगामी लोकांना कायम करण्याची यादी त्याच शुक्रवारी जाणार होती, मामांचं नाव तिच्यात होतं, हे मला माहीत होतं. तरी लिहिली.

सर आमचे विभागप्रमुख. त्यांनी मामांना बोलावलं.

"गुंडू, हे तुम्हीच लिहिलंय?"

"व्हय सर."

"चार नंबरमध्ये तीन मासे वाढले?"

"वाढलं की."

"कसे वाढले?"

"जसं वाढत्यात तसं, सर. जे झालं त्येच लिवलंय." एवढंच बोलून ते खाली मान घालून उभे राहिले. सरांनी माझी तक्रार सही करून ऑफिसात पाठवली.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. हौदाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती, म्हणून मी उत्तरेश्वर पेठेत त्यांचं घर शोधत गेले. किल्लीपेक्षा भांडायलाच गेले होते. मामा औषध आणायला बाहेर पडले होते. दारात त्यांची बायको चिमणाबाई, दिवस भरलेले, भिंतीला धरून उभ्या. त्या अवस्थेतही त्यांनी मला चहा केल्याशिवाय सोडलं नाही. पातेलं उतरवताना त्यांचा हात चुलीच्या कट्ट्यावर आपटला आणि हिरव्या काचेचे दोन तुकडे खाली पडले.

"बांगडी वाढली बगा," त्या म्हणाल्या आणि तुकडे पदरात गोळा करू लागल्या.

मी कप तसाच हातात धरून बसले. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. हे काय मला ठाऊक नव्हतं? नेसरीत आमच्याही घरात हेच बोलतात. चार पुस्तकं वाचून मी आपलीच भाषा विसरले होते.

मी विचारलं, "मामा 'मेले' हा शब्द वापरत नाहीत का?"

चिमणाबाईंनी पदरातले तुकडे कोनाड्यात ठेवले. मग म्हणाल्या, "आमची दोन गेली, बाई. येक सातव्या म्हैन्यात, येक पाचवीच्या आदल्या दिशी. ह्या बारीला ह्येंनी ठरवलंय, बाळ हातात येस्तवर त्यो शबुद त्वांडातनं काढायचा न्हाई, का हातानं लिवायचा न्हाई. त्येंचं कामच तसलं. रोज मोजायचं. त्येंच्या जिवाला लई लागतंय."

मी धावतच सरांकडे गेले. सर ऐकून आधी हसले, मग गंभीर झाले. तक्रार पुढे गेली होती. ती मागे घ्यायची तर रजिस्टरातली नोंद मामांनीच दुरुस्त करायला हवी होती. 'तीन मासे मेले' असं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही, शुक्रवारच्या आत.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे हात जोडले. "मामा, दोन शब्द आहेत. नऊ वर्षांची नोकरी आहे. मी चुकले, पण तेवढं लिहा."

"तुमी चुकला न्हाईसा, बाई. आठ दिस थांबाय सांगा सरास्नी."

"यादी थांबणार नाही, मामा."

"मग जाऊ द्या यादी. पुना निघंल." एवढं बोलून ते हौदातलं पाणी बदलायला गेले. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी जेवले नाही.

शुक्रवारी यादी त्यांच्या नावाशिवाय गेली.

पुढच्या बुधवारी सकाळी मामा जिलबीचा पुडा घेऊन आले. मुलगी झाली होती. पुडा माझ्या हातात देऊन त्यांनी रजिस्टर मागितलं. "आता कशाला, मामा?" मी म्हटलं. "नोंद खोटी ऱ्हायला नगं," ते म्हणाले. स्टुलावर बसून त्यांनी सावकाश, पाटीवर गिरवावं तसं लिहिलं: "टाकी ४: ३ मासे मेले. टाकी ५: ४ मासे मेले." सही केली, तारीख घातली. पेन खाली ठेवलं नाही, तसंच धरून बसले. मी जवळ गेले तेव्हा ते रजिस्टराकडे बघतच बोलले.

"आमची आदीची दोन मेली, बाई. ही हाय."