अंतऱ्यातली चार अक्षरं

शास्त्रीय संगीतात माझं योगदान चार अक्षरांचं आहे. हे नम्रपणे नाही, लाजेने सांगतोय. मला सूर कळत नाही. आरतीला माणसं माझ्यापासून हातभर लांब उभी राहतात. तरी माझी ती चार अक्षरं आज चांगले चांगले गवई मैफलीत गातात.

गातात ती बंदिश माझ्या वहिनीची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दादरची खोली सोडून नेरुळला आलो. दोघे भाऊ, दोन फ्लॅट, दारं समोरासमोर. वहिनी शाळेत गाणं शिकवायची आणि घरी बंदिशी रचायची. मुखडा जुळेपर्यंत तिचं गॅसकडे लक्ष नसायचं. करपलेली भाजी ताटात आली की दादा विचारायचा, "आज कुठला राग?" खाडीच्या दमट हवेत तिचा तानपुरा तासातासाला उतरायचा. ती न कंटाळता पुन्हा लावायची.

बंदिश रचणारा अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतो, चित्रकार कोपऱ्यात सही करतो तसं. वहिनी तिथे माहेरचं नाव घालायची. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं. दादाने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि ते सुचवलं होतं मी, कारण त्या नावाची एक नटी मला तेव्हा फार आवडायची. पुढे जुन्या नावाने हाक मारणारे तिचे वडील गेले. रेशनकार्डावर, शाळेच्या मस्टरवर ते नाव नव्हतंच. उरलं होतं फक्त अंतऱ्यात. हे मला ठाऊक होतं, हीच तर पंचाईत आहे.

मी वाशीच्या एका संगीत मंडळाचा कार्यकर्ता होतो. म्हणजे खुर्च्या आणि चहा. एकदा मंडळाने एका नामवंत बुवांना गायला बोलावलं, आणि मैफलीच्या आदल्या दिवशी ते दादाकडे जेवायला येणार असं ठरलं. वहिनीची एखादी बंदिश त्यांच्या गळ्यात गेली तर! माझ्या अंगात एकदम शहाणपण संचारलं.

"वहिनी, ती संध्याकाळच्या रागातली ऐकवा त्यांना. फक्त ते नाव काढा."

"का हो?"

"नेरुळच्या शाळेतल्या बाईंची रचना म्हटल्यावर बुवा ताक पिऊन निघतील. नाव नसलं की जुनी वाटेल. जुनं म्हटलं की ही माणसं कानाला हात लावतात."

"आणि माझी आहे हे कधी सांगायचं?"

"आधी गाऊ तर देत. मग मी सांगतो की स्टेजवरून. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

ती बराच वेळ तानपुऱ्याची खुंटी पिळत बसली. "चार अक्षरांची जागा रिकामी कशी ठेवू, भावजी?"

"'एरी सखी' टाका," मी म्हणालो. कुठेतरी ऐकलं होतं.

जेवणानंतर बुवांनी बंदिश ऐकली, दोनदा म्हणवून घेतली, डायरीत उतरवली. "वा! माहेरचा ठेवा दिसतोय." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी बुवांपुढे बडीशेप धरली.

दुसऱ्या दिवशी 'आमच्याकडची एक जुनी चीज' म्हणून त्यांनी ती गायली. 'एरी सखी'ला तर हॉलमधून दाद आली. वहिनी तिसऱ्या रांगेत मांडीवर ताल धरून बसली होती. मध्यंतरात माइक माझ्या हातात आला. समोर जाणकार मंडळी, बाजूला बुवा. त्यांना सगळ्यांदेखत खोटं कसं पाडायचं? वहिनी ताठ बसली. मी घसा खाकरला आणि जाहीर केलं, "चहाची सोय मागच्या बाजूला आहे."

पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकलच्या कारखान्यात मी डिस्पॅचला होतो. पाठवणाऱ्याचं नाव नसलेला एकही ड्रम मी कधी गेटबाहेर सोडला नाही.

बंदिश मात्र बिननावाची गेली. बुवांकडून शिष्यांकडे, शिष्यांकडून त्यांच्या शिष्यांकडे. एकदा रेडिओवर लागली तर निवेदिका म्हणाली, "पारंपरिक." दादा म्हणाला, "अगं, तू तर जिवंतपणीच परंपरा झालीस!" वहिनीही हसली. बुवांना पत्र लिहायला मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा मायना फार सुंदर जमला. बुवा गेले तेव्हा पत्र मायन्यावरच होतं.

दशक सरता सरता सोसायटीतली एक कॉलेजातली मुलगी वहिनीकडे शिकायला येऊ लागली. त्या रविवारी मी पोहे खायला समोर गेलो होतो. "काकू, क्लासात शिकलेली एक म्हणू?" असं म्हणून तिने नेमकी तीच बंदिश सुरू केली. वहिनीचा चेहरा उजळला. तीही बरोबर गायला लागली, आणि अंतऱ्याच्या शेवटी तिने स्वतःचं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी मी ते पुन्हा ऐकत होतो.

मुलगी थांबली. "काकू, चुकलं. तिथे 'एरी सखी' आहे."

"असं?"

"हो. आमच्या सरांच्या वहीत आहे ना. जुन्या चीजेचे शब्द असे बदलायचे नसतात, सर म्हणतात."

बोलायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. हॉल नाही, बुवा नाहीत, माइक नाही. समोर एक विशीतली पोर. माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो मी, पोहे चावायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ, चावत राहिलो.

वहिनी माझ्यासाठी थांबली होती. माझ्याकडे न बघता तारा छेडत, पण थांबली होती. मग मुलीला म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पुन्हा घे." आणि तिच्याबरोबर स्वतःही 'एरी सखी' गायली.

"काकू, तानपुरा उतरलाय," मुलगी मध्येच म्हणाली.

"असू दे," वहिनी म्हणाली. "आधी भावजींना पोहे वाढ."