परतीचं हसू

भीमराज लोकांच्या मरणाची तयारी करतो, असं त्याची बायको तळेगावातल्या शेजारणींना सांगते आणि पदर तोंडाला लावून हसते. बाई खोटं बोलत नाही. मालिकेत कुणी मेलं की तिरडीचे बांबू, मडकं, पांढरी चादर, फोटो, हार, उदबत्ती, सगळं भीमराजनंच आणायचं. शूटिंगमध्ये असं सामान पुरवणाऱ्याला प्रॉपर्टीवाला म्हणतात. हे ऐकून लोकांना वाटतं की गडी प्लॉटचे व्यवहार करतो. चाकण पट्ट्यात दुसरं वाटणार तरी काय!

मूळचा तो औशाकडचा. वीस वर्षांपूर्वी चाकणला आला आणि आंबेठाण रस्त्याच्या आतल्या एका शेडमध्ये, स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीत लागला. पुढे कंपनीला टाळं लागलं, शेड ओस पडली, आणि काही वर्षांनी त्याच शेडमध्ये मालिकांचं शूटिंग सुरू झालं. जिथं तो प्रेस मशीन चालवायचा, तिथं आता प्लायवूडचं देवघर उभं आहे. मशीनचे बोल्ट अजून जमिनीतून डोकी वर काढून आहेत. त्यांच्यावर गालिचा टाकायचं कामही त्याचंच.

हा धंदा त्याला गेनूनानानं शिकवला. नानाची सगळी हयात जत्रेतल्या तंबूंच्या आणि नाटकांच्या पडद्यामागं गेलेली. कुठली वस्तू कुठं मिळते हे त्यानं सांगितलंच, पण त्याबरोबर एक नेमही घालून दिला. कॅमेऱ्यापुढं जो मेला, मग तो तिरडीवर झोपलेला असो की नुसता हार घातलेल्या फोटोत असो, त्याला त्याच दिवशी, पॅकअपच्या आधी, चालू कॅमेऱ्यापुढं उभं करून हसायला लावायचं. याला नाना परतीचं हसू म्हणायचा. मेलेलं माणूस हसत नसतं. तो हसला म्हणजे परत आला, हे कॅमेऱ्याला कळायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शिकलेसवरलेले नट या नेमाची थट्टा करायचे, पण हसून झाल्याशिवाय एकही जण गाडीत बसायचा नाही.

भीमराजनं एकदा विचारलं होतं, "एखादा तसाच निघून गेला तर त्याच्या बदली दुसऱ्यानं हसलेलं चालतंय का?"

नाना म्हणाला, "चालतंय. पण तुझं हसू त्याला दिलंस, तर तुझ्याकडं काय राहील?" नाना आता नाही. त्याचं हे बोलणं मात्र भीमराजच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तर या मालिकेचा पहिला दिवस. घरातल्या मेलेल्या सासूचा फोटो भिंतीवर, आणि सून रोज त्याच्यापुढं उभी राहून मन मोकळं करणार, अशी कथा. ज्या नटीचा फोटो लावायचा होता तिनं सकाळी फोन करून सांगितलं की मुलगा नको म्हणतोय, जिवंतपणी हार नको. दिग्दर्शक निरंजननं कपाळाला हात लावला. "भीमराज, अर्ध्या तासात मला म्हातारी पाहिजे."

म्हातारी समोरच होती. हातात चहाची किटली घेऊन ठकुबाई दारातून आत येत होती. शेड जिच्या सासऱ्याच्या रानात उभी राहिली ती ही बाई. आता त्याच शेडीतल्या लोकांना चहा आणि पिठलं-भाकरी पुरवायची. ठकुबाई गावात तिच्या हसण्यावरून ओळखली जायची. पितळेची परात जिन्यावरून घरंगळत यावी तसं तिचं हसणं. बाहेर चुलीपाशी ती हसली की आत साउंडवाला कानावरचे हेडफोन काढून शिव्या घालायचा आणि शॉट पुन्हा घ्यावा लागायचा.

"मावशी, फोटो काढू का तुमचा? टीव्हीत दिसाल."

"मेलेली म्हनून व्हय रं?" असं म्हणून ती अशी हसली, की मोबाईलवरचे पहिले पाचसहा फोटो वायाच गेले.

"हसू नका मावशी. मेलेलं माणूस हसत नसतं." हे भीमराजच म्हणाला, स्वतःच्या तोंडानं. शेवटी तिनं ओठ घट्ट मिटले. त्यानं फोटो काढला, चाकण चौकातून मोठा करून आणला, चौकटीत घातला, चंदनी हार चढवला आणि समोर उदबत्ती लावली.

चुकला तो इथंच. संध्याकाळी त्याला नेम आठवला, तेव्हा ठकुबाई म्हशीच्या धारेला घरी गेली होती आणि निरंजन पॅकअप पॅकअप म्हणून ओरडत होता. भीमराज मनात म्हणाला, उद्या घेऊ. नटनटी असती तर त्यानं कॅमेऱ्यापुढं आडवं पडून तिला थांबवलं असतं. ही काय, चहावाली मावशी! दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा सीन होता, तिसऱ्या दिवशी पूजेचा, आणि ते हसू राहून गेलं.

पंधरवड्यानंतर साउंडवाला सहज म्हणाला, "काय राव, हल्ली तुमची मावशी शॉट खराब करत नाही." सगळे हसले. भीमराजला मात्र ते राहून गेलेलं हसू आठवलं.

मालिका दिसायला लागली तशी गावात गंमत सुरू झाली. टीव्हीवर हार घातलेला फोटो बघून खेडकडची एक चुलत नणंद तोंड पाडून भेटायला आली. ठकुबाईला दारात उभी बघून तिचे पायच लटपटले. ठकुबाईनं ही हकीकत शेडीत येऊन सांगितली, पण सांगताना ती हसली नाही. दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगून तिनं किटली उचलली.

मग एक दिवस ती भीमराजला बाजूला घेऊन म्हणाली, "आमच्या घरात रोज सकाळी उदबत्तीचा वास येतो बघ. कुनी लावत न्हाई, तरी येतो. साडेनऊला येतो आन् दुपारी जातो."

साडेनऊला भीमराज सेटवर उदबत्ती लावायचा. जेवणाच्या सुट्टीत विझवायचा. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतंच काय?

"वरसाराणीला इचारलं," ठकुबाई म्हणाली. वर्षाराणी म्हणजे तिची सून. "तिला न्हाई येत. मलाच येतो."

योगिनी नावाची मुलगी सेटवर प्रत्येक शॉटचे फोटो काढून ठेवायची. कालची फुलदाणी आज डावीकडची उजवीकडं जाऊ नये, एवढ्यासाठी. तिनं एका सकाळी भीमराजला आपला टॅब दाखवला. "भीमराजभाऊ, तुम्ही आजीचा फोटो बदललात का?"

पहिल्या दिवशीच्या फोटोत ठकुबाईचे ओठ मिटलेले होते. दहाव्या दिवशी कोपरे जरासे वर गेले होते. तिसाव्या दिवशी दात दिसत होते. निरंजन म्हणाला, "लाइटच्या उष्णतेनं प्रिंट उडालीय, दुसरी काढा." भीमराजनं आपल्या मोबाईलमधला मूळ फोटो उघडला. त्यात ओठ होते तसे घट्ट मिटलेले. मान वर करून त्यानं भिंतीकडं बघितलं. भिंतीवरची बाई हसत होती, आणि सूनबाईंचं काम करणारी नटी तिच्यापुढं डोळ्यांत ग्लिसरीन घालून रडत होती. भीमराज घाबरला. चांगलाच घाबरला.

त्यानं निरंजनला सगळं सांगितलं. निरंजन दिग्दर्शक असला तरी माणूस बरा. "एक मिनिट देतो," म्हणाला. ठकुबाईला बोलावून फोटोशेजारी उभं केलं. कॅमेरा सुरू झाला.

"हसा मावशी."

ठकुबाईनं तोंड उघडलं. नुसतं उघडलं. साउंडवाल्यानं स्वतःवरच एक वात्रट विनोद सांगितला, योगिनीनं गुदगुल्या करून बघितल्या. मिनिटाची पाच मिनिटं झाली. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती, तेवढाच काय तो आवाज. ठकुबाईनं फोटोकडं बघितलं, मग भीमराजकडं.

"येईना रं बाबा," ती म्हणाली. "आत बघते तर काईच न्हाई."

त्या दिवसापासून तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काही सापडलं नाही. बाई जेवायची थांबली, मग बोलायची थांबली. भीमराज रोज जाताना तिच्या दारात गाडी थांबवायचा आणि आत जायची हिंमत न होऊन तसाच पुढं निघायचा. फोटोची उदबत्ती त्यानं बंद केली होती. पण निरंजनला उदबत्तीचा धूर फ्रेममध्ये हवाच होता, म्हणून दुसऱ्या कुणीतरी ती लावायला सुरुवात केली.

शेवटी मालिकाच बंद करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी शेवटचे शॉट घेऊन सेट तोडणार, कॅमेरा परत जाणार. एकदा कॅमेरा गेला की परतीचं हसू घ्यायचं कुठं? रात्रभर भीमराजच्या कानात नानाचं बोलणं वाजत होतं. सकाळी बायकोनं डबा देताना विचारलं, "आज असं काय बघताय माझ्याकडं?" त्यानं डबा पिशवीत घातला. त्याला घरात एकदा मनापासून हसून घ्यायचं होतं, ते जमलं नाही.

चहाच्या सुट्टीत त्यानं निरंजनकडं पुन्हा एक मिनिट मागितलं आणि फोटोशेजारी जाऊन उभा राहिला.

"मी ठकुबाईच्या बदली हसतोय," तो कॅमेऱ्याला म्हणाला.

आधी नुसते घशातून आवाज आले. मग त्याला पहिला दिवस आठवला. देवघरातली मूर्ती दोन्ही हातांत धरून तो तोऱ्यात निघालेला, त्याच्याच जुन्या मशीनच्या बोल्टाला ठेचकाळलेला, मूर्ती वाचवायला स्वतः थाळीत बसलेला, आणि थाळीत सगळ्या युनिटसाठी केलेलं पिठलं. ते आठवून तो हसला. असा हसला की डोळ्यांना पाणी आलं, बरगड्या दुखल्या, आणि मग तळाशी काहीतरी सुटून गेल्यासारखं होऊन तो थांबला.

साउंडवाल्यानं हेडफोन काढले.  "दुसरं कोण हसलं? बाई हसली कुणीतरी. अगदी माइकपाशी."

योगिनी भिंतीकडं बघत होती. फोटोतले ओठ घट्ट मिटलेले होते.

भीमराजनं हार काढून टाकला, चौकट काखेत मारली आणि गाडी काढली. दारात वर्षाराणी उभी होती, म्हणाली, "आत्ता उठल्या. झोपेतच मोठमोठ्यानं हसायला लागल्या हो, मी भ्यालेच."

ठकुबाई भिंतीला टेकून चहा पीत होती. तिनं फोटो हातात घेतला. "अगंबया, काय त्वांड केलंय मी! म्हशीनं लाथ मारल्यावानी!" आणि परात घरंगळली.

भीमराजला फार बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. तिच्याबरोबर हसावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

ठकुबाईचं हसणं हळूहळू थांबलं. ती त्याच्या उघड्या तोंडाकडं बघत राहिली. तिनं कप खाली ठेवला.

"माझ्यासाठी कोन हसलं रं?"

भीमराजनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आत बघितलं तर काईच न्हाई, आसं वाटतंय न्हवं?"

"व्हय मावशी."

ठकुबाईनं मनगट धरून त्याला चटईवर बसवलं, वर्षाराणीला अजून चहा टाकायला सांगितला आणि दार पुढं केलं. "हसल्याबिगर उठायचं न्हाई इथनं. मला काई घाई न्हाई." मग ती पिठल्याच्या थाळीची गोष्ट सांगायला लागली, मग नणंदेचे पाय लटपटल्याची, मग लग्नात नवरा चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्याची. सांगताना ती स्वतःच हसत होती, आणि एकेक गोष्ट संपली की थांबून त्याच्या तोंडाकडं बघत होती.