प्रयागबाईचा अंकुशी रुपया

गावाचं नाव नको. लासुर्ण्याहून इंदापूरकडं जाताना लागतं, एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथल्या पंचांच्या नातवंडांना वाईट वाटेल, आणि नातवंडांचा यात काही दोष नाही. दोष होता तो पंचांचा, त्यातही मोहनरावांचा, आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रयागबाई त्या गावची कासारीण. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन लासुर्णं, इंदापूर आणि मधल्या सगळ्या वाड्यावस्त्या तुडवायची. बांगड्या भरायच्या म्हणजे हात हातात घ्यावा लागतो, आणि हात हातात आला की बाई मनातलं बोलू लागते. बोलता बोलता कुणी उतरंडीतून, कुणी चुलीमागच्या कोनाड्यातून एखादा जुना रुपया काढायची. बाजारात तो कुणी घेत नसे. प्रयागबाई तो उन्हात धरून बघायची. राणीच्या तोंडाचा असला तर परत द्यायची. पण त्यावर फारसी अक्षरं असली, अक्षरांच्या मधे एखादं फूल, सूर्य नाहीतर त्रिशूळ दिसला, की तिचा हात थांबायचा. मग त्या बाईच्या दोन्ही हातांत ती कोपरापर्यंत बांगड्या भरायची आणि रुपया आपल्या बटव्यात टाकायची. तोच छाप आधीचा जवळ असला तर मात्र कितीही आग्रह केला तरी घ्यायची नाही.

गाव म्हणायचं, येड लागलंय हिला. तिचा नवरा गेणबाही तेच म्हणायचा. गेणबा सरळ माणूस, इतका सरळ की कुणीही त्याला कुठंही वळवावं.

"एवढ्या चांदीत तोडे झालं आसतं तुला," तो म्हणायचा.

"तोडे समद्या बायकांच्या पायात हायती. ह्यो छाप कुणाकडं हाय, दावा बरं!"

तिला वाचता येत नव्हतं. पण कुठलाही रुपया हातात आला की तो कुठल्या गावच्या कुठल्या बाईनं दिला, हे ती डोळे मिटून सांगायची. त्यातला एक तिच्या जिवाचा. पेशवाईतला अंकुशी रुपया, माहुताच्या अंकुशाची खूण असलेला. लासुर्ण्याच्या धोंडाबाई म्हातारीनं तो दिला होता. म्हातारीच्या सासूनं तो जात्याखाली पुरून ठेवला होता म्हणे. कडेला कुणा सराफानं चांदी पारखताना मारलेला छिन्नीचा टवका होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सगळं गाव आपले रुपये चिंच लावून लखलखीत करायचं. प्रयागबाई आपल्या रुपयांना चिंच लावू द्यायची नाही. घासलं की छाप झिजतो, म्हणायची.

मोहनराव देवस्थानचे मुख्य पंच. गूळ घेऊन बारामतीला जायचे, तिथं पेठेत बसायचे. जुनी नाणी घेऊन पुण्याच्या शौकिनांना विकणारा एक व्यापारी त्यांना तिथंच भेटला होता. एकदा त्यांनी प्रयागबाईला निरोप धाडला, बटवा द्या, चांगलं गिऱ्हाईक आहे.

"इकायला न्हाय ठिवलं, मोहनराव," तिनं तोंडावर सांगितलं. "बघाया ठिवलंय."

मोहनराव हसले. पण कासारणीनं आपल्याला नाही म्हणावं हे त्यांच्या पोटात राहिलं.

मग गावानं भैरोबाला चांदीचा मुखवटा करायचं ठरवलं. तिकडची रीत अशी की मुखवट्याला पैसा चालत नाही, प्रत्येक घरातून चांदीच यावी लागते. कुणी जोडवी देतं, कुणी मोडके वाळे. ती पंचाच्या घरी जमा होते आणि सोनार देवळाच्या अंगणात, सगळ्या गावासमोर शेगडीवर मातीची मूस तापवून तीत ती वितळवतो. एकदा देवाच्या नावानं निघालेली चांदी माघारी घरात येत नाही. आली तर घराचं वाटोळं होतं, असं गाव मानायचं.

प्रयागबाई इंदापूरच्या बाजाराला गेलेली बघून मोहनराव गेणबाकडं आले. तिथून ती दोन दिवस पाहुण्यांकडं राहून परतली, तर बटवा ठेवायचा कोनाडा रिकामा.

"अवो, बटवा कुठं हाय?"

"देवाला दिला."

"कुणाला इचारून?"

"देवाला द्याया इचारायचं आसतं व्हय? मोहनराव म्हनलं, कासाराच्या घरात एवढी चांदी आन् भैरोबा पितळंचा. मला लाज वाटली."

प्रयागबाई तशीच देवळाकडं धावली. मूस लालबुंद झाली होती आणि चांदीचं पाणी झालं होतं. मोहनरावांनी हात जोडले. "लई पुण्य लागलं, प्रयागबाई."

पुण्य! दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या वेचणीवर हात मारायचा, आणि वर तिलाच पुण्याच्या गोष्टी सांगायच्या! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण देवाच्या अंगणात देवाच्या कामाला शिव्या कशा घालणार? तिचं तोंड बांधूनच हे सारं झालं होतं. तिनं गेणबाशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायची, पण शब्द नाही.

चैत्र आला. सरकारचे नवे पैसे निघाले होते आणि गावभर त्यांचीच चर्चा होती. जत्रेच्या सकाळी घरोघरी बांगड्या भरत प्रयागबाई मोहनरावांच्या घरी पोचली. त्यांची सून रतन ओसरीवर हात पुढं करून बसली. ती वाकली तसा तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला रुपया बाहेर लोंबला. त्याला वरून कडी डागलेली. कडेला टवका.

प्रयागबाईच्या हातातली बांगडी फुटली.

"ह्यो कुठला गं?"

"मामंजींनी दिलाय, मावशी. वाडवडलांचा हाय म्हनत्यात."

प्रयागबाईला सगळं लख्ख दिसलं. बटवा मुशीत गेलाच नव्हता. त्याच्या वजनाची कसलीबसली मोडतोड मोहनरावांनी मुशीत टाकली. वजन भरलं, देव खूश, गाव खूश, आणि नाणी बारामतीला. भैरोबाच्या नावावर चोरी करायची, आणि कपाळाला भंडारा लावून मिरवायचं! असल्या माणसापुढं गाव वाकतं, याची तिला किळस आली.

पहिल्यांदा वाटलं, चावडीवर जाऊन बोंब ठोकावी. पण ती उठता उठता बसली. बोंब ठोकली तर गाव काय म्हणेल? देवाच्या नावची चांदी बाहेर राहिली, आणा मूस! चोराची अब्रू जाईल, पण अंकुशीही जाईल, आणि या खेपेला खराच जाईल. गप्प बसावं तर तो जगेल, पण चोराच्या घरात.

बांगड्या भरता भरता तिनं हलक्या आवाजात रतनला सगळं सांगितलं. रतनचे कान लाल झाले. तिनं दोरा मानेतून काढला आणि मावशीच्या ओंजळीत ठेवला.

"चोरीचं गळ्यात घालून मी देवाम्होरं कशी जाऊ? न्या तुमी."

"सासरा इचारल की, पोरी."

"इचारू द्या. काय म्हनून इचारत्याल?"

त्या गावात पालखी उचलण्याआधी कासारणीनं भैरोबाच्या जोगेश्वरीला हिरवा चुडा भरायचा असतो. तोवर ढोलावर टिपरी पडत नाही. संध्याकाळी सगळं गाव अंगणात उभं होतं. प्रयागबाई आली ती अंकुशी गळ्यात घालून, पदराबाहेर काढून. मोहनरावांनी बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

आक्काबाई गुरवीण पुढं झाली. "अगं बया, तुजं तर समदं मुशीत गेलं व्हतं! ह्यो कसा ऱ्हायला?"

"मला काय ठावं? चांदी मोहनरावांच्या घरात व्हती. त्यास्नी इचारा."

सगळ्या माना वळल्या. देवाचा म्हणावा, तर तो मुशीबाहेर कसा? आपला म्हणावा, तर समोर रतन उभी, सासऱ्याकडं टक लावून. मोहनरावांनी उपरण्यानं घाम टिपला.

"त्यो प्रयागबाईचाच हाय. देवाच्या नावचा न्हाय. तिचा जीव त्यात, म्हनून मीच येगळा काढून ठिवला व्हता."

आणि ऐका, लोकांनी माना डोलावल्या! केवढं मन पंचांचं, असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. गेणबानं तर हात जोडले. प्रयागबाईला हवं ते मिळालं होतं, अंकुशी आता मुशीत जाणार नव्हता. चुडा भरून घरी जायला हरकत नव्हती.

ती देवीपुढं बसली. हिरव्या बांगड्या हातात घेतल्या आणि हात मागं घेतला.

"समद्यांनी ऐकलं न्हवं? ह्यो येगळा काढला व्हता. म्हंजी बटवा उघडून, बघून, निवडून काढला."

"व्हय," गाव म्हणालं.

बांगड्या मांडीवर ठेवून ती मोहनरावांकडं वळली.

"मुशीत पडताना एक तरी रुपया कुणी बघितला व्हता का? मग बाकीचं कुठं हायती, मोहनराव?"

ढोलकऱ्याची टिपरी हातातच राहिली. पालखीचे भोई एकमेकांकडं बघू लागले.

"सांगा," प्रयागबाई म्हणाली. "मला घाई न्हाय."