खाकी शर्टाची ट्रायल

मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात माझा पाय घरात ठरत नव्हता. वडिलांनी अट घातली होती. जूनच्या आत अर्ध्या दिवसाचं काम शोध, मग उरलेला अर्धा दिवस कॉलेजला जा. काम नाही तर कॉलेज नाही. वडील नाशिकच्या एका कचेरीत कारकून होते आणि बोललेला शब्द त्यांनी फिरवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मीही त्यांचीच लेक. कॉलेज म्हणजे कॉलेज, असं मनाशी ठरवून मी शहर पालथं घालायला निघाले.

भद्रकालीत एका दुकानाशेजारी चिठ्ठी चिकटवलेली दिसली: शिलाईसाठी बायका पाहिजेत, अर्धा दिवस काम. मी जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. वर एका खोलीत टेरिलिनचा शर्ट घातलेले एक गृहस्थ कापडाच्या गठ्ठ्यांत बसले होते. सातपूरच्या कारखान्यांना कामगारांचे कपडे पुरवतो म्हणाले. "जागा एकच आहे. आधी ट्रायल बघतो. आणि कुणाला बोलू नका, नाहीतर उद्या इथे रांग लागेल."

खाकी शर्टांच्या पुढच्या पट्ट्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे टाकला आणि त्यांवर नुसते काज करायला सांगितले. मला कोण आनंद झाला! नोकरीच मिळाल्यासारखा तो गठ्ठा छातीशी धरून मी घरी आले. काज हातानेच करायचे, त्यामुळे बोटांची पार चाळण झाली, पण तोंडातून ब्र काढला नाही. आईलासुद्धा "मैत्रिणीचं काम आहे" असं सांगितलं.

संध्याकाळी विहाराच्या पटांगणात लेझीम असे. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या वस्तीच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांच्या बायका तिथे जमत. त्या दिवशी माझ्या पुढे देवळालीकडची एक ताई नाचत होती आणि तिच्या पदराला खाकी दोरा लोंबत होता. मला कुठला दम निघतोय! तिथल्या तिथे विचारलं, "ताई, तुम्हीपण?"

तिचा चेहरा उतरला. "हळू बोल की! जागा एकच हाय."

"मला ठाऊक आहे. मलाच द्यायचीय ती!"

आमच्या शेजारी एक मावशी लेझीम घेऊन उभी होती. वयाने सगळ्यांत मोठी, तोंडाने त्याहून मोठी. ती म्हणाली, "आगं, मला तर त्यानं नुसत्या कॉलरी दिल्यात." मग काय, एकीकडून बाह्या निघाल्या, दुसरीकडून खिसे. प्रत्येकीला ट्रायल, प्रत्येकीला एकच जागा, आणि प्रत्येकीने घरात लपवून ठेवलेलं. शिवणारणीची पारख करायची तर कुणी नुसत्या कॉलरी शिवून घेतं का?

"बायांनो," मी ओरडलेच, "इथे अख्खा शर्ट उभा आहे!"

आम्ही इतक्या हसलो की ताल पार बिघडला. गृहस्थांनी वेगवेगळ्या वस्त्या धरल्या होत्या, माल आणायच्या वेळाही वेगळ्या दिल्या होत्या. त्यांना सगळं सुचलं होतं, फक्त लेझीम ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपापले शिवलेले गठ्ठे घेऊन आम्ही सगळ्या एकदम गेलो. जिना दणाणला. आम्हाला बघून त्यांना घामच फुटला.

मावशीने विचारलं, "सायेब, जागा कुणाला?"

"कळवतो ना. माल ठेवून जा."

"आन् नापास झालो तर?"

"तर मजुरी नाही. ट्रायल आहे ती."

"मग नापास कॉलरी तुमाला कशाला? आमी घरी नेतो," असं म्हणून मावशी वळलीच. आम्हीही गठ्ठे उचलले. खाली टेम्पो माल भरायला येऊन थांबला होता, ते आम्ही येतानाच पाहिलं होतं. गृहस्थांनी मुकाट्याने पाकीट काढलं आणि एकेकीची मजुरी चुकती केली. मला हसू आवरेना.

बायका खाली उतरू लागल्या तेव्हा त्यांनी मला मागे बोलावलं. आवाज एकदम मऊ. "तू हुशार आहेस. तुला खरंच कामावर घेतो. सकाळचेच काही तास, महिन्याला पगार. वस्त्यांमध्ये कापड वाटायचं, ट्रायल समजावून सांगायची. बाईमाणसाने सांगितलं की बायका विश्वास ठेवतात. आता नव्या वस्त्या धरू."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. सकाळी काम, दुपारी कॉलेज. अगदी हवं तेच समोर आलं होतं. मी बोटांवर तास मोजू लागले आणि त्या माणसाला वाटलं, जमलं. तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं असं फिरलं की मी कठड्यावरून वाकून बोंब ठोकली, "मावशी, वर या! साहेब मला पगार देतायत, कशाचा ते ऐका!"

बायका उलट्या पावली वर आल्या. गृहस्थांनी दार आतून लावून घेतलं. मग अख्खी गल्ली जमली आणि मी जिन्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ट्रायल म्हणजे काय ते सांगत सुटले. घसा बसला तरी थांबले नाही. एवढी मजा मला आयुष्यात फार थोड्या वेळा आली आहे.

घरी वडिलांनी सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारून हसले. ती संधी साधून मी विचारलं, "मग कॉलेजचं?"

"काम मिळालं का?"

"मिळालं होतं. सोडलं."

"सोडलंस ते चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण अट ती अट."

दुसरं काम काही मिळालं नाही. जूनमध्ये मैत्रिणी कॉलेजला गेल्या आणि मी आईच्या मशीनवर बसले. पुढच्या वर्षी अर्ध्या दिवसाचं काम मिळवून मीही गेले, पण तोवर वडिलांशी धड बोलत नव्हते, इतका राग होता. आल्यागेल्याला हा किस्सा सांगायचे ते मात्र वडीलच. माझी बोंबसुद्धा मोठ्याने ठोकून दाखवायचे, आणि अटीचा भाग तेवढा गाळायचे.