लिंबाऐवजी हळकुंड

त्या टोपलीची आठवण आली की आजही आधी हसू फुटतं, मग हात जोडावेसे वाटतात. पुढे मी पोलीस खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पण निजामाच्या अमलात, शेवटच्या धामधुमीत, सेलूच्या ठाण्यावर मी नुसती झडतीवाली होते. बायकांची गाठोडी तपासायची, त्यांचं बोलणं ऐकायचं. रुबाब मात्र असा, की कोंबडा आरवला तरी त्यात सरकारविरोधी इशारा ऐकू यायचा.

खबर आली, की जवळच्या वस्तीवरची एक सून दर महिन्याला मानवतकडं माहेरी टोपली धाडते, मेंढ्या राखणाऱ्या चुलत्याच्या हाती. भाकरी, चटणी आणि वर एकच लिंबू. मी पाळत ठेवली. नाक्यावर फडकं सोडायचं, बघायचं, पुन्हा गाठ मारायची. एका खेपेला लिंबू नव्हतं. हळकुंड होतं!

धावत अमीनसाहेबांकडे गेले. अमीन म्हणजे तेव्हाचे फौजदार. "साहेब, निरोप बदलला! हद्दीपलीकडच्या कॅम्पवाल्या बंडखोरांचं काहीतरी ठरलंय."

चुलता हवालातीत गेला. सून चौकशीला आली. दाराबाहेर सासू कान टवकारून बसली.

"लिंबू म्हणजे काय? बोल, नाहीतर चुलत्याला परभणीला धाडतील. तिथं हाडं ढिली करतात."

दाराकडं बघत ती कुजबुजली, "बाई, लिंबू किती दिसांनी जायचं, ध्यानात घ्या की. तुमालाबी अडचण येतच असंल."

"आणि हळकुंड?" मी अजून भुवया चढवूनच.

"या बारीला आली न्हाई. खोटंच बाहेर बसले. दोनदा आधीच बोभाटा झाला, अन् दोन्ही बारीला पोटातलं गेलं. आता कळलं अन् पुन्हा गेलं, तर सासू दुसरी करून आणील. तीन महिने झाकून राहू द्या, बाई."

माझे कान तापले. मी हुशार बाई, तिचा विटाळ सरकारला कळवत होते!

बाहेर आले. साहेबांनी टाक उचलला. "क्या निकला, बाई? लिखूँ?"

"बायकांचं हाय, साहेब. सरकारच्या कामाचं न्हाई."

वरून विचारणा झाली असती तर जबाब त्यांनाच द्यावा लागणार होता. त्यांनी टाक खाली ठेवला. जमादाराला म्हणाले, "बुड्ढे कू चाय पिलाव, छोड देव." मला एक शब्द विचारला नाही.

सासू मात्र आडवी आली. "काय बोलली ओ ही?"

"लोणच्याचं, आजी. लिंबू संपलं, हळद उरली."

पुढं तिच्या बाळाच्या बारशाला ठाण्यावर घुगऱ्यांची टोपली आली, फडकं न बांधलेली. चुलता म्हणाला, "पोरगी म्हणती, झडतीवाल्या बाईला सोडायचा तरास नको." सगळे शिपाई हसले.

पुढे नोकरीत लोकांची पाकिटं फोडायचे हुकूम माझ्याही हाती आले. प्रत्येक वेळी मी आधी विचारलं, हे सरकारच्या कामाचं आहे का? पुष्कळदा नसायचं. हा प्रश्न मला त्या पोरीनं दिला, आणि काहीच न विचारणाऱ्या साहेबांनी. दोघांचे उपकार मोठे.

त्या दिवशी मी उघड्या टोपलीवर पदर टाकला आणि झाकूनच घरी नेली.