साखळी वाजली की उजवीकडे

बसचा ड्रायव्हर म्हटलं की लोकांना वाटतं, माणूस तापट असणार, हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला आलेला. आमचे हे तसे नाहीत. धावत येणाऱ्या म्हातारीसाठी दार उघडं ठेवायचे, वळणावर उभ्या माणसाचा तोल जाणार नाही अशा बेताने बस वळवायचे, आणि घरी आले की माझ्या शिवणयंत्राच्या सुईत एका झटक्यात दोरा ओवून देतात. मी कपड्यांची दुरुस्ती करते. पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, सैल झालेलं आत घ्यायचं. मला चष्मा लावूनही सुईचं भोक सापडत नाही, ह्यांना बिनचष्म्याचं सापडतं. पुढे जे झालं ते इतके महिने आमच्या लक्षात आलं नाही, त्याला ही सुई कारण आहे.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचं व्हिडिओ गेमचं यंत्र मागे ठेवून गेली. बातम्या बघून चिडण्यापेक्षा हे खेळा, असं बापाला बजावून गेली. आमची खोली लहान आणि टीव्ही अवाढव्य, त्यामुळे हे अगदी पडद्याला नाक लावून बसायचे. खेळात एक जळून गेलेलं राज्य होतं आणि त्यात एकटा तलवारवाला. त्याने चालत राहायचं, राक्षसांकडून मार खायचा, मरायचं, आणि शेवटच्या ओलांडलेल्या दरवाज्यापासून पुन्हा सुरुवात करायची. दिवसभर ट्रॅफिक आणि संध्याकाळी राक्षस. तुमच्या नशिबात शांतता नाहीच, असं मी म्हणायचे. हे हसायचे आणि पुन्हा मरायचे.

हा खेळ खेळणाऱ्या लोकांचा फोनवर एक गट होता. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, पण भांडणं सख्ख्या भावांसारखी. ढाल घ्यावी की दोन्ही हातांनी तलवार धरावी, जादू वापरणारे भित्रे असतात का, कोणती अंगठी घातली की आग लागत नाही, ह्यावर पानंच्या पानं. प्रत्येकाने टोपणनाव घेतलेलं. ह्यांचं ‘शेवटचा थांबा’. ‘आगाऊ’ नावाचा एक होता, तो नावाला जागायचा. आणि एक ‘वाटसरू’. तो फार कमी लिहायचा, पण लिहायचा ते बहुधा ह्यांच्या बाजूने.

ह्यांच्या सल्ल्याला गटात मान होता. हे लिहायचे बस चालवल्यासारखंच: घाई करू नका, समोरच्याला आधी जाऊ द्या, त्याने हात उचलला की तलवारीकडे नाही, खांद्याकडे बघा. नवखी पोरं-पोरी ह्यांना काका म्हणत. माणूस घरी जितकं बोलला नाही तितकं तिथे बोलला, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मग तो पूल आला. खेळात एक मोडका दगडी पूल होता आणि त्यावर साखळीवाला. हा साखळी ओढत डावीकडून यायचा आणि एका फटक्यात ह्यांना खाली पाडायचा. रोज तेच. इतर सगळे राक्षस ह्यांनी लोळवले, ह्याच्यापुढे मात्र डाळ शिजेना. शेवटी वैतागून ह्यांनी गटात लिहिलं की खेळ बेइमान आहे, हा मारेकरी हवेतून येतो, येताना दिसतच नाही.

आगाऊने लगेच लिहिलं, नाचता येईना अंगण वाकडं. बाकीच्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. सराव करा. पडदा उजळ करा. ढाल वर ठेवा. एकटा वाटसरू म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. तो येताना मलाही दिसत नाही. एकदम अंगावरच असतो.” ह्यांना किती बरं वाटलं. मला दोनदा वाचून दाखवलं.

आगाऊ गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने स्वतःच्या खेळाचं चित्रण गटात टाकलं. हे अंघोळीला गेले होते, म्हणून मी टाके उसवता उसवता ते पाहिलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी मला दिसलं. पुलाच्या डाव्या कठड्यामागून एक उंच माणूस हातात पेटता कंदील घेऊन निघतो आणि सावकाश, अगदी फिरायला निघाल्यासारखा, चालत येतो. लपत नाही, छपत नाही. हे बाहेर आल्यावर मी विचारलं, अहो, तो कंदील घेऊन येतो तो हाच का?

“कंदील?” हे म्हणाले. “त्याच्याकडे कुठे आहे कंदील?”

मी विषय तिथेच सोडला, पण माझ्या हातातला टाका चुकला. कारण तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. जेवताना मीठ डाव्या हाताशी असायचं आणि हे मीठ मागायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून मी हसायचे. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. मी म्हणायचे, दार रोज सरकतं वाटतं. महिन्यापूर्वी बसचा डावा आरसा डेपोच्या भिंतीला घासला, तेव्हा आरसाच सैल होता असं ह्यांनी सांगितलं आणि मी ते खरं मानलं. प्रत्येक गोष्टीवर माझा विनोद तयार होता.

पुढच्या आठवड्यात ह्यांनी साखळीवाल्याला मारलं. घरात अशी आरोळी ठोकली की खालचा शेजारी वर आला. मग हे गटात मोठा सल्ला लिहायला बसले आणि लिहिता लिहिता मला वाचून दाखवू लागले. त्याच्याकडे बघूच नका. पुलावर पाय ठेवला की कान द्या. साखळी तीन वेळा वाजते. तिसऱ्यांदा वाजली की उजवीकडे उडी, मग मागे वळून दोन घाव. डोळे मिटूनही जमतं. गटाने ह्यांना डोक्यावर घेतलं. आगाऊने सुद्धा हात जोडले.

“म्हणजे तो तुम्हाला दिसला नाहीच,” मी म्हटलं.

“दिसायची गरज काय? पाठ झालाय आता,” हे खुशीत होते. “रस्त्याचं तरी दुसरं काय आहे? माझा सगळा मार्ग पाठ आहे मला. कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठे शाळा. डोळ्याला पट्टी बांधली तरी नेईन.”

हे गंमत करत होते, पण मला त्यात गंमत दिसेना. माणूस खरंच पाठांतरावर बस चालवत होता आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं, बाहेर रस्ताभर पोरं, सायकली, म्हातारे. उद्या कोणीतरी डावीकडून यायचा आणि त्याच्याजवळ वाजायला साखळीही नसायची.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया म्हटलं. हे चिडले. कधी चिडत नाहीत, तेव्हा चिडले. वर्षाची तपासणी झालीय, भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचलीय, तुझ्या सुईत दोरा कोण ओवतं? डेपोत फोन करून सांगावं असंही मनात आलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. नवऱ्याची चहाडी करायची, तीही एका खेळातल्या कंदिलावरून? नुसता माझा भ्रम निघाला तर? आणि भ्रम नसला तर? दोन्ही विचारांनी मी रात्र काढली, आणि सकाळी काम बंद ठेवून ह्यांच्या बसमध्ये जाऊन बसले. दाराजवळची डावीकडची पहिली सीट. ह्यांना सांगितलं, कापड बाजारात अस्तर आणायला निघालेय.

खरं सांगते, इतकी सुंदर बस चालवताना मी कोणाला पाहिलं नाही. गतिरोधक यायच्या आधी वेग कमी. शाळेपाशी आणखी कमी. थांब्यावर दार बरोबर लोकांसमोर. मला वाटायला लागलं, आपण उगाच घाबरलो. पण मी समोर न बघता ह्यांच्या मानेकडे बघत होते. मान हलत नव्हती. डावीकडे वळायची ती फक्त थांब्यांवर आणि चौकांत, जिथे वळायचं हे पाठ होतं तिथे. मधल्या सगळ्या रस्त्यावर हे नाकासमोर बघत होते.

दवाखान्याच्या पुढचा रस्ता रुंद आणि सरळ आहे. तिथे ना थांबा, ना चौक, म्हणून हे तिथे नेहमी वेग घ्यायचे. त्या दिवशी डाव्या बाजूला, रस्त्यातच, एक माणूस शिडीवर चढून दिव्याच्या खांबाचं काम करत होता. शिडीचे पाय डांबरावर होते. अंगात नारिंगी जाकीट, एवढं भडक की आंधळ्यालाही दिसावं असं मी म्हटलं असतं, दुसरा कोणताही दिवस असता तर. बस सरळ त्याच्याकडे निघाली होती. मी वाट पाहिली. आता दिसेल, आता वळतील. हे शांतपणे बसले होते.

“डावीकडे! माणूस!”

ब्रेक लागला. सगळी बस पुढे आली, कोणाची पिशवी पडली, मी दांड्यावर आपटले. बस थांबली तेव्हा शिडी दाराच्या काचेपासून हात लांब करून शिवता येईल एवढ्या अंतरावर होती. शिडीवरचा माणूस वळला आणि वाट अडवल्याबद्दल ओशाळून हसला. त्याला वाटलं, ड्रायव्हरने आपल्यासाठी बस थांबवली. त्याने हात वर करून आभार मानले.

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मान पूर्ण वळवून त्याच्याकडे.

“हा कुठून आला?” ह्यांनी विचारलं.

पुलावर पडल्यावर विचारायचे त्याच आवाजात. आणि विचारता विचारताच ह्यांना ते ऐकू आलं असावं, कारण चेहरा एकदम पांढरा पडला. मागून लोक ओरडत होते, उशीर होतोय म्हणत होते. ह्यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि डेपोला फोन लावला. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत हे जागेवरून उठले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ह्यात समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसू शकतं, नजर कडेने विझत येते. तिथे काळं दिसत नाही. मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो, म्हणून आपल्याला दिसत नाही हेसुद्धा दिसत नाही. ह्यांचं डाव्या बाजूचं बरंच गेलं होतं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले की त्या माणसाने मला हात केला गं, आभाराचा. आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून रडले. मीही रडले. लोक बघत होते, बघू देत.

आता हे डेपोतच हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतात. लोकांच्या छत्र्या सांभाळतात. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात, आणि मी डावीकडून चालते.

गटात लिहायला ह्यांना बरेच दिवस लागले. शेवटी लिहिलं: माझी साखळीची युक्ती वापरू नका. साखळीवाला सगळ्यांना दिसतो, मला दिसत नव्हता, कारण माझी कडेची नजर गेली होती. आगाऊने माफी मागितली, खूप जणांनी काळजी घ्या लिहिलं. हे मात्र एकाच नावाची वाट बघत होते. का, ते तोपर्यंत माझ्याही ध्यानात आलं होतं: साखळीवाला येताना त्यालाही दिसत नव्हता. वाटसरू गटात बरेच दिवस फिरकला नव्हता.

परवा संध्याकाळी त्याचं आलं. वरचं काही वाचलेलं दिसत नव्हतं. “काका, तुमच्या सल्ल्याने पूल पार केला. खरंच, बघायची गरजच पडली नाही. आभार.”

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मलाच लिहायला सांगितलं. तू गाडी चालवतोस का, असं मी लिहिलं. उत्तर लगेच आलं.

“हो, शाळेची. आत्ता पोरांना सोडायला निघालोय. का?”

ह्यांनी फोन माझ्याकडून परत घेतला, नाकासमोर धरला आणि एका बोटाने स्वतः लिहिलं: थांब. किल्ली काढ.